जनरिक फंक्शनवर अट घालताना

वसई-विरारच्या पट्ट्यातून सकाळच्या लोकलने मुंबईस जाऊन दिवसभर सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या, किंवा येथील अभियांत्रिकी महाविद्यालयांत ते शिकत असलेल्या तरुण वाचकांपैकी पुष्कळांच्या हाती आता हॅस्केल, स्काला, एफ-शार्प, रस्ट यांपैकी एखादी भाषा आली आहे, आणि त्यांतील बहुतेकांना जनरिक फंक्शन लिहिताही येते. परंतु त्या फंक्शनच्या टाइप पॅरामीटरवर कोणती अट घालावी, किती घालावी आणि कोठे मुळीच घालू नये, या प्रश्नाचा विचार मात्र कंपायलर तक्रार करीपर्यंत सहसा कोणी करीत नाही. तक्रार आली की तिच्यातच सुचविलेली अट सिग्नेचरला जोडून द्यावयाची, पुन्हा तक्रार आली की आणखी एक जोडावयाची, आणि शेवटी कोड चालू लागला की त्या अटींकडे पुनश्च पाहावयाचे नाही, अशी ही रीत आहे. ती सोडावी, असे मला आग्रहाने सांगावयाचे आहे. कारण अट ही फंक्शन लिहिणाऱ्यास मिळालेली सवलत असली, तरी तिची किंमत ते फंक्शन वापरणाऱ्याला आणि पुढे ते वाचणाऱ्याला मोजावी लागते.

उदाहरण आपल्याच तालुक्यातील घेऊ. जमिनीच्या प्रत्येक तुकड्याचा सातबारा उतारा असतो, आणि एका गावात एका खातेदाराच्या नावावर असलेल्या सर्व तुकड्यांची एकत्र नोंद गाव नमुना आठ-अ मध्ये, म्हणजे आपण ज्याला खातेउतारा म्हणतो त्यात असते. क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर अशा तीन घरांत लिहिलेले असते. शंभर चौरस मीटरांचा एक आर आणि शंभर आरांचा एक हेक्टर. वाडीतील माणसे बोलताना अजून गुंठेच मोजतात, आणि एकराचा चाळिसावा हिस्सा असलेला हा गुंठा सुमारे १०१.१७ चौरस मीटरांचा, म्हणजे आराहून किंचितच मोठा असल्यामुळे, व्यवहारात दोहोंची सरमिसळ सहज होते. प्रोग्रॅममध्ये ती होऊ नये म्हणून क्षेत्राला स्वतःचा स्वतंत्र टाइप द्यावा आणि त्याच्या पोटात केवळ चौरस मीटरांचा पूर्णांक ठेवावा. ०-६०-७५ आणि ०-५५-५० या दोन तुकड्यांची बेरीज मग ६०७५ आणि ५५५० मिळून ११६२५ अशी सरळ होते, आणि छापताना तिचे १-१६-२५ करता येतात. हातच्याचा हिशेब एकाच जागी राहतो.

आता या तुकड्यांची बेरीज करणारे जनरिक फंक्शन लिहावयाचे आहे. नवशिक्या प्रोग्रॅमर येथे ‘नम’ ही अट घालतो, कारण बेरजेचे चिन्ह त्या टाइपक्लासात आहे. परंतु हॅस्केलच्या ‘नम’मध्ये बेरजेबरोबर वजाबाकी, गुणाकार, ऋण करणे, निरपेक्ष किंमत, चिन्ह काढणे आणि कोणताही पूर्णांक त्या टाइपात आणणे, अशा एकूण ७ क्रिया येतात. क्षेत्राला क्षेत्राने गुणले तर जे येते ते क्षेत्र नव्हे, आणि ऋण क्षेत्राचा तुकडा कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात सापडावयाचा नाही. तरीही केवळ बेरजेपुरती ही अट घातली की क्षेत्राच्या टाइपाला या सातही क्रिया कोठून तरी आणून दाखविणे भाग पडते, आणि त्यांतील निरर्थक क्रिया मग सर्व प्रोग्रॅमभर कोणालाही वापरावयास मोकळ्या राहतात. ज्या कचेरीत एका साध्या दाखल्यासाठी रहिवास, उत्पन्न, जात आणि जन्म अशी सर्व प्रमाणपत्रे मागितली जातात, तेथे अर्जदार शेवटी कसलीतरी कागदपत्रे जुळवून आणतोच, पण त्यांतील किती खरी आणि किती केवळ रकाना भरण्यापुरती, हे मग कोणालाच सांगता येत नाही. टाइपांचेही तसेच होते.

या कामाला वस्तुतः दोनच गोष्टी लागतात: दोन क्षेत्रे जोडून तिसरे मिळविण्याची क्रिया, आणि तुकडा एकही नसेल तेव्हा सांगावयाचे शून्य क्षेत्र. नेमक्या एवढ्याच मागणीला ‘मॉनॉइड’ ही अट आहे, आणि फंक्शनचे सिग्नेचर, वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत मांडले तर, ‘मॉनॉइड अ ⇒ [अ] → अ’ असे होते. दुहेरी बाणाच्या डावीकडे जे आहे ती अट, उजवीकडे जे आहे ते काम. यातून शून्याचीही गरज वगळता आली तर अट आणखी एक पायरी खाली, ‘सेमीग्रुप’वर आणता येते. खात्यावरील सर्वांत अलीकडच्या फेरफाराची तारीख काढावयाची असेल, तर दोन तारखांतील नंतरची कोणती हे सांगता येते, पण एकही फेरफार नसेल तेव्हा कोणती तारीख सांगावी याला उत्तर नाही. म्हणून तेथे ‘मॉनॉइड’ मागणे गैर ठरते, आणि रिकामी असूच शकत नाही अशी यादी, जिला हॅस्केलमध्ये ‘नॉनएम्प्टी’ म्हणतात, ती घेऊन ‘सेमीग्रुप’वर भागवावे लागते. ‘मॅक्सिमम’ हे तयार फंक्शन रिकाम्या यादीवर चालविले असता प्रोग्रॅम चालू असतानाच कोसळतो. ती चूक कंपायलरच्या पातळीवरच अडविता येत असताना तिला पुढे जाऊ देऊ नये.

येथवर सांगितले ते सौजन्य आणि स्वच्छता यांपुरते वाटेल. परंतु अटी कमी ठेवण्याचे खरे कारण याहून खोल आहे, आणि ते एकदा कळल्यावर सिग्नेचर वाचण्याची दृष्टीच पालटते. ज्या टाइप पॅरामीटरवर काहीही अट नाही, त्याच्या मूल्याविषयी फंक्शनला काहीही ठाऊक नसते. ते मूल्य त्याला तपासता येत नाही, तोलता येत नाही, नवे घडविता येत नाही, केवळ इकडून तिकडे नेता येते. म्हणून ‘[अ] → [अ]’ एवढेच ज्याचे सिग्नेचर आहे ते फंक्शन, त्याचा कोड न वाचताही, यादीतील घटकांची उलटापालट करील, काही गाळील, काही पुन्हा लिहील, पण घटकाच्या आशयावरून कोणताही निर्णय करणार नाही, अशी खात्री देता येते. घटक कोणते आहेत हे न पाहता ते केवळ त्यांच्या जागांवरून वागते. त्यामुळे आधी सर्व घटकांचे रूपांतर करून मग हे फंक्शन चालविले काय, किंवा आधी फंक्शन चालवून मग रूपांतर केले काय, फळ एकच येते. जॉन रेनल्ड्‌स यांनी १९८३मध्ये या गुणाची गणिती मांडणी केली आणि फिलिप वॅडलर यांनी १९८९मध्ये ‘थिअरम्स फॉर फ्री!’ या निबंधात, केवळ सिग्नेचरवरून असे सिद्धांत कसे निघतात, हे दाखविले. आता याच सिग्नेचरला ‘ऑर्ड अ’ ही अट जोडा. फंक्शन यादी क्रमाने लावू शकते, सर्वांत मोठा घटक गाळू शकते, सारखे घटक एकत्र आणू शकते. लिहिणाऱ्याचे सामर्थ्य वाढले, आणि तेवढ्याच प्रमाणात वाचणाऱ्याची खात्री घटली.

या गोष्टीचा रोकडा उपयोग दाखवितो. समजा, निर्मळ आणि भुईगाव या दोन गावांची खाती आपण दोन मॅपांत ठेवली आहेत. दोहोंत किल्ली म्हणून, दोन्ही गावांत तोच राहील असा, खातेदाराला आपणच दिलेला क्रमांक, आणि मूल्य म्हणून क्षेत्र. (किल्ली म्हणून नाव ठेवू नये, एकाच आडनाव-नावाची दोन माणसे वसईत एकाच आळीत राहत असू शकतात.) एका खातेदाराचे निर्मळमध्ये ०-१२-५० आणि भुईगावात ०-०८-०० क्षेत्र आहे. मॅप हाही ‘मॉनॉइड’ आहे असे वाचलेला प्रोग्रॅमर दोन्ही मॅप मॉनॉइडच्या जोडणीच्या चिन्हाने एकत्र करतो आणि ०-२०-५० येईल अशी अपेक्षा करतो. उत्तर ०-१२-५० येते. भुईगावचे ८ आर कोणतीही एरर, कोणतीही सूचना न देता नाहीसे होतात.

हे का झाले, ते त्या इन्स्टन्सच्या अटींतच लिहिलेले आहे. हॅस्केलच्या ‘कंटेनर्स’ या ग्रंथालयातील मॅपला ‘मॉनॉइड’ होण्यासाठी केवळ ‘ऑर्ड’ ही अट किल्लीवर आहे. मूल्यावर काहीही अट नाही. जेथे मूल्यावर अट नाही, तेथे दोन मूल्ये एकमेकांत जोडण्याचे साधनच त्या कोडला उपलब्ध नाही. म्हणजे एकच किल्ली दोहोंकडे आढळली तर त्यास एक मूल्य ठेवून दुसरे टाकण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ते डावीकडचे ठेवते. मूल्यांवर ‘सेमीग्रुप’ची अट दिसली असती तर जोडणीची अपेक्षा रास्त होती. येथे योग्य फंक्शन ‘युनियनविथ’, ज्यास मूल्ये कशी जोडावयाची हे आपण स्वतः सांगतो. कोडची एक ओळही न वाचता केवळ अटींच्या अभावावरून ही चूक आधीच ओळखता आली असती, आणि ज्याला अटी वाचण्याची सवय आहे तो ती ओळखतो. माझ्या मते नवशिक्याने प्रत्येक तयार फंक्शनचे सिग्नेचर वाचताना काय मागितले आहे याच्या आधी काय मागितलेले नाही हे पाहण्याचा अभ्यास ठेवावा.

ही व्यवस्था आली कोठून, हे थोडक्यात सांगतो. क्रिस्टोफर स्ट्रॅची यांनी १९६७च्या आपल्या व्याख्यानांत बहुरूपतेचे दोन वर्ग केले होते: सर्व टाइपांवर एकसारखे चालणारी, आणि प्रत्येक टाइपासाठी निराळे वागणारी. पहिलीस मिल्नर यांच्या एमएल भाषेत शिस्तशीर स्थान मिळाले, दुसरी मात्र ज्या त्या भाषेने जशी सुचेल तशी हाताळली. एमएलच्या वंशातील ओकॅमल भाषेत दोन मूल्यांची तुलना करणारे फंक्शन आजही कोणत्याही अटीवाचून सर्व टाइप स्वीकारते, आणि त्यास फंक्शने तुलनेसाठी दिली असता कंपायलर गप्प राहून प्रोग्रॅम चालताना अपवाद फेकला जातो. वॅडलर आणि स्टीफन ब्लॉट यांनी १९८९च्या पोपल परिषदेत टाइपक्लासाची कल्पना मांडून दोन्ही वर्ग एका व्यवस्थेत आणले, आणि हॅस्केलने ती पहिल्या आवृत्तीपासून स्वीकारली. हीच पोपल परिषद जानेवारी २०१५मध्ये मुंबईत भरली होती, हे विद्यार्थ्यांनी अवश्य ध्यानात ठेवावे. या विषयाचे मूळ साहित्य आपल्यापासून दूर नाही आणि ते वाचता येण्याजोगेही आहे.

वॅडलर आणि ब्लॉट यांच्या त्या निबंधातील एक गोष्ट व्यवहारात फार कामाची आहे. अट म्हणजे कंपायलरच्या दृष्टीने एक छुपा अर्ग्युमेंट असतो: ‘ऑर्ड अ’ लिहिले की तुलनेच्या फंक्शनांचा एक संच, ज्यास डिक्शनरी म्हणतात, तो प्रत्येक कॉलबरोबर कंपायलर आपण होऊन पाठवितो. म्हणजे अट घालणे आणि तुलनेचे फंक्शन उघडपणे अर्ग्युमेंट म्हणून घेणे, हे तत्त्वतः एकच आहे. फरक एवढाच की अटीच्या बाबतीत एका टाइपासाठी एकच संच सर्वत्र चालतो, आणि अर्ग्युमेंटच्या बाबतीत प्रसंगानुरूप निराळा देता येतो. म्हणून अट घालण्यापूर्वी विचारावे: हा गुण त्या टाइपाचा आहे, की या प्रसंगाचा?

मराठी नावांची यादी लावणे हे याचे उत्तम उदाहरण आहे. स्ट्रिंगची अंगभूत ‘ऑर्ड’ युनिकोडच्या क्रमांकांनुसार तुलना करते, आणि युनिकोडमध्ये ‘ळ’ हे अक्षर ‘ल’ आणि ‘व’ यांच्या मध्ये बसविलेले आहे. आपल्या वर्णमालेत ते ‘ह’नंतर येते. परिणामी मसुरकर, महाडिक, मळेकर या क्रमाने हवी असलेली यादी मळेकर, मसुरकर, महाडिक अशी निघते. ‘क्ष’ हे युनिकोडच्या दृष्टीने क, हलन्त आणि ष असे तीन घटक असल्यामुळे क्षीरसागर हे नाव हळदणकरांच्या मागे न जाता खऱ्यांच्याही आधी, ‘क’च्या रांगेत शिरते. मतदारांची, ग्राहकांची वा विद्यार्थ्यांची यादी लावणाऱ्या फंक्शनवर ‘ऑर्ड’ ही अट घालून मोकळे झाले तर हा चुकीचा क्रम गुपचूप स्वीकारला जातो, आणि यादीत आपले नाव नेहमीच्या जागी न सापडलेला माणूस ते नाहीच असे समजून परत जातो. येथे ‘सॉर्टबाय’च्या धर्तीवर तुलनेचे फंक्शन अर्ग्युमेंट म्हणून घ्यावे; किंवा वर्णमालेचा क्रम सर्व प्रोग्रॅमभर हवा असेल, तर मराठी नावासाठी स्वतंत्र ‘न्यूटाइप’ करून त्याची ‘ऑर्ड’ एकदाच, विचारपूर्वक लिहावी.

अट नेहमी कमीत कमीच असावी असा याचा अर्थ कोणी करू नये. कधी कधी अधिक मागणे हेच प्रामाणिकपणाचे असते, आणि त्याचे कारण वेग. यादीतील पुनरावृत्ती काढणारे ‘नब’ हे फंक्शन केवळ ‘ईक्यू’ मागते. दोन घटक समान आहेत की नाहीत एवढेच कळत असल्यामुळे त्यास प्रत्येक नव्या घटकाची आधी ठेवलेल्या सर्वांशी तुलना करावी लागते, आणि १,००० भिन्न घटकांच्या यादीत ती संख्या ४,९९,५०० होते. ‘ऑर्ड’ मागितले तर क्रम लावून हेच काम सुमारे १०,००० तुलनांत उरकते. शहराच्या मालमत्ता कराच्या नोंदींसारखी मोठी यादी हाताळावयाची असेल तर ‘ऑर्ड’च मागावे. एक मात्र सांभाळावे: ‘ऑर्ड’च्या पोटात ‘ईक्यू’ येतेच, तेव्हा दोन्ही लिहून सिग्नेचर लांबवू नये. अशा अनावश्यक अटी दाखवून देणारी सूचना जीएचसी कंपायलरमध्ये आहे, पण ती ‘वॉल’ या नेहमीच्या संचात नसते. ‘रिडंडंट कन्स्ट्रेंट्स’ या नावाने ती स्वतंत्रपणे चालू करावी लागते. ती चालू करावी.

अट कोठे घालू नये, याचे उत्तर एका वाक्यात देता येते: डेटा टाइपच्या व्याख्येवर. ‘सेट’ या रचनेत घटक क्रमाने ठेवलेले असतात म्हणून तिच्या व्याख्येतच ‘ऑर्ड’ लिहावी असा मोह होतो, आणि जुन्या हॅस्केलमध्ये तशी तरतूद होतीही. परंतु तिने काही मिळत नसे, उलट त्या टाइपाला स्पर्श करणाऱ्या प्रत्येक फंक्शनवर ती अट विनाकारण पुन्हा लिहावी लागे, आणि कालांतराने जीएचसीने ती तरतूद त्याज्य ठरविली. सध्याच्या ‘सेट’मध्ये नवा घटक घालणाऱ्या फंक्शनवर ‘ऑर्ड’ आहे, पण घटकांची संख्या सांगणाऱ्यावर नाही, कारण मोजण्यास क्रम लागत नाही. जे काम क्रमावर अवलंबून आहे त्याच कामावर क्रमाची अट, हा न्याय आपल्या स्वतःच्या टाइपांनाही लावावा.

लिहिताना मी सुचवितो तो क्रम असा. प्रथम फंक्शन ठोस टाइपावर, क्षेत्रावर वा तारखेवर लिहावे आणि चालवून पाहावे. मग सिग्नेचर काढून टाकून कंपायलरला स्वतः अनुमान करू द्यावे. हॅस्केलच्या पद्धतीत तो सामान्यतः शक्य तितका व्यापक टाइप आणि त्यास लागणाऱ्या अटी आपण होऊन सांगतो. त्या अटी एकेक वाचाव्यात, आणि जी अनपेक्षित वाटेल तिचे मूळ कोडच्या कोणत्या ओळीत आहे ते शोधावे. पुष्कळदा एका ओळीत कोणीतरी ‘शो’ वापरून मूल्य छापलेले असते आणि केवळ त्या एका ओळीपायी सर्व फंक्शनवर ‘शो’ची अट आलेली असते, ती ओळ बाहेर काढली की अटही जाते. त्यानंतर उरलेल्या अटींसह सिग्नेचर स्वतः लिहावे आणि ते करारनाम्यासारखे जपावे, कारण प्रसिद्ध झालेल्या ग्रंथालयात अट सैल केल्याने जुना कोड सहसा मोडत नाही, पण नवी अट वाढविली की ती ज्यांच्याजवळ नाही त्या सर्वांचा कोड तत्काळ मोडतो. मॉनॉइडच्या वर सेमीग्रुपला पालक नेमण्याचा बदल जीएचसीच्या २०१८मधील ८.४ या आवृत्तीत झाला तेव्हा असंख्य पॅकेजांना एकेक इन्स्टन्स नव्याने लिहावी लागली होती.

शेवटची बाब कंपायलरच्या आवाक्याबाहेरची आहे. ‘मॉनॉइड’ ही अट पुरी करणाऱ्या टाइपाने जोडणीचा क्रम बदलला, म्हणजे कंस कोठेही टाकले, तरी उत्तर तेच येईल असे वचन दिलेले असते. पण ते पाळले जाते की नाही, हे कंपायलर तपासत नाही. क्षेत्र हेक्टरांच्या अपूर्णांकांत ‘डबल’ म्हणून ठेवले तर ०.१ आणि ०.२ आधी जोडून मग ०.३ जोडल्यास ०.६००००००००००००००१ येते, आणि ०.२ व ०.३ आधी जोडल्यास ०.६ येते, गावांच्या बेरजा कोणत्या क्रमाने झाल्या यावर तालुक्याची बेरीज अवलंबून राहते. चौरस मीटरांचा पूर्णांक ठेवावा असे आरंभी सांगितले, त्याचे हेही एक कारण आहे. कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २०००मध्ये प्रसिद्ध केलेले क्विकचेक हे साधन अशा वचनांच्या तपासणीसाठीच आहे. आपण लिहिलेल्या प्रत्येक ‘सेमीग्रुप’ आणि ‘मॉनॉइड’ इन्स्टन्ससाठी कंसांचा आणि शून्याचा नियम त्यात एकेका ओळीत लिहून ठेवावा, आणि तपासणी त्याच टाइपावर चालवावी ज्यावर प्रोग्रॅम चालणार आहे. क्षेत्रासाठी लिहिलेला नियम साध्या पूर्णांकांवर तपासून समाधान मानले, तर क्षेत्राच्या इन्स्टन्समधील चूक तशीच राहते.